मंदीतलं न्यूयॉर्क आणि आधीच ठरलेल्या कुस्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज टीव्हीवर दिसणारी अमेरिकी कुस्ती कुठून आली हे शोधायला निघालेला माणूस फिरून फिरून १९३० च्या दशकातल्या न्यूयॉर्कला येऊन थांबतो. मग तेच तेच प्रश्न पडतात. ते इथे एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगतो : त्या काळात रिंगमध्ये जे चाललं होतं त्यापेक्षा रिंगबाहेर जे चाललं होतं ते जास्त अटीतटीचं होतं. त्यामुळे खाली डावपेच कमी आणि भानगडी जास्त सापडतील.

नेमका कोणता काळ धरायचा?

ऑक्टोबर १९२९ मध्ये वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला तिथपासून मार्च १९३८ पर्यंत. मार्च १९३८ नंतर मॅडिसन स्क्वेअर गार्डन या न्यूयॉर्कच्या मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात (पुढे नुसतं ‘गार्डन’) कुस्तीचं मैदान भरणं बंद झालं, ते थेट १९४९ पर्यंत. या नऊ वर्षांत न्यूयॉर्कमध्ये कुस्ती शिगेला पोचली, तिचं पितळ उघडं पडलं, तरीही ती चालली आणि शेवटी आपल्याच माणसांच्या हातून खाली आली.

निकाल खरंच आधी ठरलेले असायचे का?

हो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत खरी, निकाली झुंज जवळपास उरलीच नव्हती. कोण जिंकणार, साधारण किती वेळात, कोणत्या डावावर, हे प्रमोटरच्या, म्हणजे कुस्त्या भरवणाऱ्याच्या, ऑफिसात ठरायचं. पैलवान मात्र खरे असायचे. बहुतेकांना खरी कुस्ती येत होती, काहींना तर फारच उत्तम येत होती. ती ते लोकांसमोर पूर्ण ताकदीनं करत नसत, एवढंच. हा फरक लक्षात ठेवा, कारण १९३६ मध्ये एका रात्री एका पैलवानानं ती पूर्ण ताकदीनं केली आणि सगळा डोलारा हलला. ते पुढे येईलच.

खरी कुस्ती सोडून हे असलं का सुरू केलं?

कारण खरी कुस्ती बघायला माणसं थांबत नव्हती. १९१६ च्या ४ जुलैला ओमाहा शहरात जो स्टेकर आणि एड लुईस यांची कुस्ती लागली. जवळजवळ पाच तास दोघं एकमेकांना धरून होते आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागली. दोन तुल्यबळ, सावध पैलवान चटईवर भिडले की असंच होतं. जाणकाराला त्यातही गंमत वाटते. कोल्हापूरच्या मैदानावर दोन मल्ल अर्धा तास नुसती खडाखडी करत राहिले तर तिथला म्हातारा प्रेक्षकही त्यातलं बारीक सारीक सांगू शकतो. पण डॉलर मोजून आलेल्या शहरी माणसाला आणि सकाळी पेपर छापणाऱ्याला ते परवडत नाही.

मग वेळ कमी झाला, फेकाफेकी वाढली. या नव्या शैलीचं श्रेय बऱ्याचदा टूट्स माँट या पैलवान-प्रमोटरला दिलं जातं. त्याला मोठा हातभार लावला तो गस सोनेनबर्गनं. हा मुळात अमेरिकी फुटबॉल खेळणारा. जानेवारी १९२९ मध्ये बोस्टनला त्यानं एड ‘स्ट्रँगलर’ लुईसला हरवलं, तेही फुटबॉलमधल्यासारखं धावत येऊन, उडी मारून, डोक्यानं पोटात धडक देत. कुस्तीच्या शास्त्रात हे कुठेच बसत नव्हतं. लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं.

जॅक कर्ली कोण होता?

न्यूयॉर्कच्या कुस्तीचा कारभारी. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, मूळ आडनाव वेगळंच. १९१५ मध्ये हवानात जॅक जॉन्सन आणि जेस विलार्ड यांची गाजलेली बॉक्सिंग लढत झाली, तिच्या आयोजनात त्याचा हात होता. म्हणजे मंदी येईपर्यंत तो या धंद्यात मुरलेला होता. माणूस आडदांड, बोलका, पत्रकारांना धरून राहणारा.

गार्डनमध्ये बॉक्सिंग हा मालकांचा स्वतःचा धंदा होता. कुस्तीसाठी मात्र कर्लीसारखा बाहेरचा प्रमोटर जागा घ्यायचा. १९३० पर्यंत तो तिथे जम बसवून होता. त्याच्या हाताखाली, बरोबरीनं आणि विरोधात अशी तिन्ही नाती आलटून पालटून निभावणारी माणसं पुढे येतील : टूट्स माँट आणि जॅक फेफर.

खायची भ्रांत असताना लोक कुस्तीची तिकिटं कशी काढत होते?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि त्याला एकच उत्तर नाही.

१९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. सेंट्रल पार्कमध्ये बेघरांनी पत्र्याच्या खोपट्या उभारल्या होत्या. अशा शहरात जानेवारी १९३१ मध्ये जिम लोंडोस आणि जिम मॅकमिलन यांची जोड लागली तेव्हा गार्डनमध्ये २० हजारांहून जास्त माणसं आली.

‘लोकांना दुःख विसरायचं होतं’ असं सरधोपट उत्तर बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. लोकांना सिनेमा त्याहून स्वस्तात मिळत होता. मला दुसरी कारणं जास्त पटतात. पहिलं म्हणजे न्यूयॉर्क हे परदेशातून आलेल्यांचं शहर. ग्रीक, इटालियन, पोलिश, ज्यू, आयरिश, जर्मन, प्रत्येकाची वस्ती वेगळी, प्रत्येकाचं वर्तमानपत्रही बऱ्याचदा वेगळं. प्रमोटरनं प्रत्येकाला एकेक पैलवान दिला. आपल्या गावचा माणूस मोठ्या मैदानात उतरतोय म्हटल्यावर माणूस चार पैसे बाजूला टाकतो, हे कुठल्याही जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्याला समजावून सांगायला नको.

दुसरं कारण थोडं कडवट आहे. त्या वर्षांत प्रामाणिकपणे काम करणारा माणूस देशोधडीला लागत होता आणि बँका बुडवणारे सुखात होते. कुस्तीत निदान दोन तास उलटं घडायचं. दांडगाई करणारा शेवटी खांद्यावरून आपटला जायचा. निकाल ठरलेला आहे अशी कुणकुण असूनही तो बघायला लोक यायचे, किंबहुना ठरलेला होता म्हणूनच यायचे.

जिम लोंडोसमध्ये असं काय होतं?

मूळ नाव ख्रिस्तोस थिओफिलू. ग्रीसमधल्या आर्गोसजवळच्या गावातून पोरवयात एकटा अमेरिकेला आलेला. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, वजन ९० किलोच्या घरात. म्हणजे त्या काळच्या हेवीवेट पैलवानांत तो लहानच दिसायचा. पण शरीर कोरीव आणि चेहरा देखणा. जून १९३० मध्ये फिलाडेल्फियात डिक शिकॅटला पाडून तो विश्वविजेता झाला आणि पुढची पाच-सहा वर्षं देशात सगळ्यात जास्त गल्ला भरणारा पैलवान हाच.

त्याच्या कुस्तीचा साचा ठरलेला होता. समोर त्याच्यापेक्षा बराच जड, शक्यतो कुरूप, दाढीवाला किंवा तोंडानं शिव्या देणारा गडी. पहिली पाऊण वाट लोंडोस मार खातो. केस ओढले जातात, दोरावर घासला जातो, पंच नेमका दुसरीकडे बघत असतो. गॅलरीतले लोक उठून ओरडू लागतात. मग अचानक तो खाली वाकतो, त्या धिप्पाड माणसाच्या पायांत हात घालून त्याला आडवा खांद्यावर घेतो, जागेवरच गरागरा फिरवतो आणि चटईवर आदळतो. समोरचा घेरी आल्यासारखा पडून राहतो, लोंडोस वर झोपून दोन्ही खांदे टेकवतो. हा त्याचा ‘एअरप्लेन स्पिन’. १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून गेल्यापासून विमानाचं नाव लावलं की कुठलीही गोष्ट खपत होती, त्यामुळे नावही चपखल बसलं.

गोम अशी की खऱ्या कुस्तीत असं शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उचलून फिरवणं जवळपास अशक्य. समोरच्यानं अंग सैल सोडून मदत केली तरच जमतं, आणि तरीही उचलणाऱ्याची कंबर लागतेच. म्हणजे डाव ठरवलेला, पण ताकद खरी.

१९३३ मध्ये तो मायदेशी गेला तेव्हा अथेन्सच्या संगमरवरी ऑलिंपिक स्टेडियममध्ये त्याची कुस्ती झाली. त्या गर्दीचे आकडे इतके फुगवून सांगितले जातात की इथे देण्यात अर्थ नाही. गर्दी प्रचंड होती, एवढं नक्की.

एका संध्याकाळी कार्यक्रम कसा असायचा? आणि फक्त गार्डनमध्येच का?

आधी चार-पाच लहान कुस्त्या, २० किंवा ३० मिनिटांच्या मुदतीच्या. त्यातल्या एक-दोन बरोबरीत सोडवायच्या. शेवटची मोठी कुस्ती ‘निकाली’. पंच पांढऱ्या शर्टात. रिंगभोवती टाइपरायटर घेऊन बसलेले वार्ताहर.

गार्डन म्हणजे महिन्या-दोन महिन्यांतून येणारं मोठं मैदान. रोजचा धंदा वस्त्यावस्त्यांतल्या लहान सभागृहांत चालायचा : ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या सीमेवरचं रिजवूड ग्रोव्ह, मॅनहॅटनमधलं सेंट निकोलस अरेना, ब्रॉंक्समधलं कोलिझियम. नंतर सिक्स्थ ॲव्हेन्यूवरचं जुनं हिप्पोड्रोम थिएटरही कुस्तीला मिळालं. उन्हाळ्यात लाँग आयलंड सिटीमधल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन बाउल या उघड्या स्टेडियममध्ये. या लहान सभागृहांतच पैलवानाची परीक्षा व्हायची. तिथे गर्दी जमली तरच त्याला गार्डनची जोड.

‘एक्झिबिशन’ छापण्याचा नियम काय होता?

न्यूयॉर्क राज्याच्या ॲथलेटिक कमिशनकडे बॉक्सिंग आणि कुस्तीचे परवाने द्यायचं काम होतं. १९३० मध्ये त्यांनी हुकूम काढला की कुस्तीच्या जाहिरातीत ‘सामना’ किंवा ‘स्पर्धा’ म्हणायचं नाही, ‘एक्झिबिशन’, म्हणजे प्रात्यक्षिक, असंच म्हणायचं. सरकारनं जवळपास कबूलच केलं की हे खरं नाही. पण तोंडानं तसं म्हणायचंही नाही. कर कुस्तीच्या गल्ल्यावर येत होताच.

गंमत म्हणजे याच कमिशननं पुढे १९३२ मध्ये, लोंडोस एड लुईसशी लढायला तयार होईना, तेव्हा लुईसला आपला विश्वविजेता म्हणून मान्यता दिली. एकीकडे प्रात्यक्षिक म्हणायचं आणि दुसरीकडे त्याचाच विश्वविजेता नेमायचा. असा कारभार फक्त सरकारी खात्यालाच जमतो.

एकाच वेळी इतके विश्वविजेते कसे?

कारण किताब ही प्रमोटरची मालमत्ता होती. ज्याच्याकडे ‘विश्वविजेता’ त्याच्याकडे गर्दी, आणि दुसऱ्या शहरातला प्रमोटर त्या विजेत्याला बोलवायचं तर हिस्सा देणार. मग भांडण झालं की प्रत्येकानं आपापला विजेता उभा केला. १९३३ चं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क कमिशनचा विजेता जिम ब्राउनिंग, कारण त्यानं फेब्रुवारीत गार्डनमध्ये लुईसला पाडलं. बोस्टनला प्रमोटर पॉल बाउझरचा विजेता एड डॉन जॉर्ज. लोंडोस स्वतःला विजेता म्हणवत होताच. एप्रिलमध्ये शिकागोत नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉलपटू जो सावोल्डी त्याच्यासमोर उतरला आणि पंचानं अचानक लोंडोसचेच खांदे टेकले असं जाहीर केलं. लोंडोस म्हणाला, ही कुस्ती किताबासाठी नव्हतीच. सावोल्डी म्हणाला, मी विजेता. झाले चार.

१९३४ मध्ये सगळं उघडं पडलं म्हणतात, ते काय प्रकरण?

१९३३ च्या शेवटी मोठ्या प्रमोटरांनी भांडण मिटवून एकी केली. न्यूयॉर्कचा कर्ली, बोस्टनचा बाउझर, फिलाडेल्फियाचा रे फॅबियानी (हा उत्तम व्हायोलिन वाजवायचा), सेंट लुईसचा टॉम पॅक्स, लोंडोसचा मॅनेजर एड व्हाइट आणि टूट्स माँट. पैलवान एकमेकांना द्यायचे, नफा वाटून घ्यायचा. पेपरवाले याला ‘ट्रस्ट’ म्हणू लागले. यात एक माणूस बाहेर राहिला : जॅक फेफर.

फेफर पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रशियन ऑपेरा-बॅले मंडळीबरोबर अमेरिकेत आला आणि कुस्तीत शिरला. किडकिडीत, लांब केस, हातात काठी, इंग्रजी तोडकं. रंगभूमीवरून आल्यामुळे त्याला कुस्ती हे नाटकच वाटायचं आणि तो ते लपवतही नसे. युरोपातून तो चित्रविचित्र माणसं आणायचा : दाढीवाला ‘सायबेरियन’ सर्गेई काल्मिकॉफ, मान नसलेला माणूस म्हणून जाहिरात केलेला फेरेंक होलुबान. तमाशाच्या फडमालकाला कोणता गडी कुठे हशा काढील हे जसं कळतं, तसं याला कळायचं.

ट्रस्टनं वगळल्यावर तो चिडला आणि ‘न्यूयॉर्क डेली मिरर’चा क्रीडास्तंभलेखक डॅन पार्कर याच्याकडे गेला. पार्कर आधीपासूनच कुस्तीची टिंगल करायचा, पण आता त्याला आतला माणूस मिळाला. जानेवारी १९३४ पासून कोण कोणाकडून हरणार, कोण कोणाच्या मालकीचा, हिस्से कसे पडतात, हे नावानिशी छापून येऊ लागलं. होणाऱ्या कुस्तीचे निकालही त्यानं आधी छापले आणि ते बरोबर निघाले.

मग धंदा बसलाच असेल?

नाही ना! इथेच हा सगळा इतिहास रंजक होतो.

पार्करचे लेख जानेवारीत आले. २५ जून १९३४ ला त्याच न्यूयॉर्कमध्ये, गार्डन बाउलमध्ये लोंडोसनं ब्राउनिंगला हरवलं आणि दोन्ही किताब एकत्र झाले. बघायला हजारो माणसं आली. त्यानंतर २० सप्टेंबरला शिकागोच्या रिगली फील्डवर लोंडोस आणि एड लुईस. लुईस चाळिशी ओलांडलेला, सुटलेला, डोळ्यांनी अधू. आले किती? ३५,२६५ माणसं. गल्ला ९६,३०२ डॉलर. म्हणजे माणशी सरासरी पावणेतीन डॉलर, ऐन मंदीत. अमेरिकी कुस्तीच्या गल्ल्याचा तो उच्चांक बरीच वर्षं टिकला.

लोकांना माहीत नव्हतं असं मानणं म्हणजे त्या लोकांना मूर्ख समजणं. ग्रीक खाणावळवाल्याला काय, ब्रुकलिनच्या शिंप्याला काय, शंका होतीच. पार्करनं फक्त ती छापली. पितळ उघडं पडल्यानं कुस्ती मेली हे वाक्य अनेक ठिकाणी वाचाल. तारखा समोर ठेवल्या की ते टिकत नाही.

मग ती खाली कशामुळे आली? ‘डबलक्रॉस’ म्हणजे काय?

ठरलेल्या निकालाचा एक धोका असतो : हरायला ठरलेल्यानं हरायला नकार दिला तर? हाच ‘डबलक्रॉस’. तक्रार करायची कुणाकडे? पोलिसांत तर जाता येत नाही. त्यामुळे किताब शक्यतो खरी कुस्ती येणाऱ्याकडेच ठेवत. तो कच्चा असला तर त्याच्या वाटेत ‘पोलिसमन’ उभा करत, म्हणजे एक खरा तरबेज पैलवान. विजेत्यापर्यंत पोचायचं तर आधी याला पार करा. हे नाव त्यांचंच आहे.

आधी एकदा फजिती झाली होती. १९२५ मध्ये फुटबॉलपटू वेन मन विजेता होता, कुस्तीत यथातथाच. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात स्टॅनिस्लॉस झिबिस्को या पोलिश पैलवानानं हरायचं ठरलेलं असताना रिंगमध्ये पाऊल ठेवलं आणि मनला सरळ चितपट केलं. पंचालाही हात वर करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

तरी शहाणपण आलं नाही. १९३५ मध्ये बाउझरनं आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या बॅलीडेहॉबहून डॅनो ओ’माहोनी हा तरुण आणला. सैन्यातला, ताकदवान, देखणा, पण कुस्तीत नवखा. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या आयरिश वस्त्या बघता हिशोब अचूक होता. २७ जूनला बोस्टनच्या फेनवे पार्कवर त्यानं लोंडोसला हरवलं. महिन्याभरात एड डॉन जॉर्जलाही, आणि त्या कुस्तीला पंच होता नुकताच बॉक्सिंगचा विश्वविजेता झालेला जेम्स ब्रॅडॉक. आता सगळे किताब एका आयरिश पोराकडे. ट्रस्टची चांदी झाली होती.

२ मार्च १९३६, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर डिक शिकॅट, तोच ज्याच्याकडून सहा वर्षांपूर्वी लोंडोसनं किताब घेतला होता. जर्मन, जुना, पोळलेला, प्रमोटरांवर नाराज. काही मिनिटं सगळं नेहमीसारखं. मग शिकॅटनं ओ’माहोनीचा हात धरला तो सोडलाच नाही. मागे वळवला, दाबत नेला. पोरगा सोडवू बघतोय, येत नाही. हा डाव त्याला कुणी शिकवलेलाच नव्हता, कारण त्याची गरज पडणारच नव्हती. रिंगमध्ये पंच जॉर्ज बोथनर, न्यूयॉर्कचा जुना तालीमवाला, त्याला काय चाललंय ते लगेच कळलं असणार. साधारण १९ मिनिटांनी कुस्ती थांबवावी लागली. विजेता शिकॅट. ट्रस्टचा किताब एका रात्रीत ट्रस्टच्या हातून गेला.

पुढचं कोर्टात. शिकॅटचा मॅनेजर असल्याचा दावा करणाऱ्यानं ओहायोतल्या कोलंबसच्या न्यायालयात खटला भरला. तिथे शपथेवर प्रमोटरांचे करार, हिस्से, कोणाला कधी हरवायचं ठरलं होतं, हे एकेक बाहेर आलं आणि देशभरच्या पेपरांनी छापलं. खटला चालू असतानाच, २४ एप्रिलला, शिकॅट डेट्रॉइटमध्ये ‘अली बाबा’कडून हरला. हा आर्मेनियन वंशाचा हॅरी एकिझियन, लाल फेज टोपी घालून येणारा. किताबच गेल्यावर खटल्यात राम उरला नाही. जूनपर्यंत तो किताब न्यूअर्कला डेव्ह लेव्हिनकडे पोचला होता. ज्याच्यामागे लोक लोंडोससारखे पाच वर्षं जातील असा एकही चेहरा शिल्लक राहिला नाही.

पैलवानांना काय मिळायचं? मार खरा लागायचा का?

मोठ्यांना भरपूर, लहानांना गाडीभाडं आणि थोडंसं. तरी त्या वर्षांत फुटबॉलपेक्षा कुस्ती परवडत होती. मॅकमिलन, सावोल्डी, पुढे शिकागो बेअर्सचा ब्रॉन्को नागुर्स्की हे सगळे पैशांसाठीच इकडे वळले. नागुर्स्की तर १९३७ मध्ये फुटबॉल खेळत असतानाच कुस्तीचा विश्वविजेता झाला.

इजा खऱ्याच. मोडलेले कान, सरकलेले खांदे. पण सगळ्यात भीती वाटायची ती खुपरीची. न धुतलेल्या चटईवर एकाच रात्री दहा जणांचे चेहरे घासले जायचे आणि डोळ्यांचा हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. एड लुईसचे डोळे त्यानंच गेले. विश्वविजेता म्हणून लाखो डॉलर मिळवलेला माणूस अखेरच्या वर्षांत आंधळा होता. १९३६ मध्ये माइक रोमानो हा पैलवान वॉशिंग्टनमध्ये रिंगमध्येच कोसळून मेला, आणि काही प्रेक्षकांना आधी ते सोंगच वाटलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

बायका कुस्ती खेळायच्या का? कृष्णवर्णीय पैलवान?

बाकी अमेरिकेत मिल्ड्रेड बर्कसारख्या बायका १९३० च्या दशकातच मैदान गाजवू लागल्या. न्यूयॉर्क राज्यात मात्र बायकांच्या कुस्तीवर बंदी होती, ती १९७२ ला उठली. कृष्णवर्णीय पैलवान होते, पण किताबाच्या जवळपासही कुणाला फिरकू दिलं जात नसे. आणि जाहिरातीत त्यांना अमेरिकी राहूच दिलं जायचं नाही : कॅन्सस सिटीत जन्मलेला रेजिनाल्ड सिकी पोस्टरवर ‘ॲबिसिनियन’, म्हणजे इथिओपियाचा, असायचा.

या सगळ्याचा भारतीय कुस्तीशी काही संबंध?

थेट म्हणावा असा एक आहे. वर आलेला झिबिस्को, ज्यानं १९२५ मध्ये ठरलेला निकाल उधळला, तोच १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानासमोर उतरला होता. अडीच तासांहून जास्त वेळ तो चटईला पोट लावून पडून राहिला आणि बरोबरी पदरात पाडून घेतली. पुन्हा जोड लावायच्या दिवशी फिरकलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चित केलं. म्हणजे अमेरिकी प्रमोटरांना ज्याची धास्ती वाटायची, तो खरी कुस्ती येणारा माणूस आपल्या मातीत मिनिटभरही टिकला नाही. तेव्हा झिबिस्कोचं वय पन्नाशीला टेकलं होतं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गामाही काही पोरगा नव्हता म्हणा.

बंगालचे गोबर गुहा १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲड सँटेलला हरवून लाइट हेवीवेटचे विश्वविजेते झाले, पण ती मंदीच्या आधीची गोष्ट. मुंबईत किंग काँग आणि दारासिंगांच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्या बघितलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या कुस्त्यांची घडण बरीचशी याच अमेरिकी साच्यातली.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या मॅकमहॉन घराण्याचा यात हात होता का?

होता, पण बाजूला. विन्स मॅकमहॉनचे आजोबा जेस मॅकमहॉन हे मूळचे बॉक्सिंगवाले, गार्डनसाठी लढती जुळवणारे. मंदीच्या काळात ते न्यूयॉर्कच्या आसपास कुस्तीचे कार्यक्रम करू लागले. त्यांच्या मुलानं पुढे टूट्स माँटबरोबर जी संस्था उभी केली, तिचीच आजची डब्ल्यूडब्ल्यूई. म्हणजे ट्रस्टमधला एक माणूस थेट तिथपर्यंत पोचला.

गार्डनमध्ये कुस्ती बंद का झाली आणि परत कधी आली?

१२ जुलै १९३७ ला कर्ली वारला. ट्रस्ट आधीच फुटला होता. उरलेले एकमेकांचे पाय ओढत राहिले आणि मार्च १९३८ नंतर गार्डनमध्ये कुस्ती थांबली. लहान सभागृहांत चालू राहिली, फेफरही तिथे अनेक वर्षं टिकला. फेब्रुवारी १९४९ मध्ये ‘गॉर्जस जॉर्ज’ला घेऊन गार्डनमध्ये पुन्हा प्रयोग झाला. टीव्हीवर त्याचा एवढा बोलबाला असूनही जेमतेम चार हजार माणसं आली.

यातलं काही आज बघायला मिळतं का?

जागा जवळपास सगळ्या गेल्या. एट्थ ॲव्हेन्यूवरचं ते जुनं गार्डन १९६८ मध्ये बंद होऊन पाडलं गेलं. आजचं गार्डन वेगळ्या ठिकाणी आहे, हे न्यूयॉर्कला फिरायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, नाहीतर चुकीच्या इमारतीसमोर फोटो काढून याल. हिप्पोड्रोम १९३९ ला पाडलं, बाउलची जागा दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं घेतली. काही कुस्त्यांच्या बातमीपटातल्या मूक-बोलक्या फिती आहेत. सगळ्यात भारी ठेवा इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे : जॅक फेफरनं जपून ठेवलेली पत्रं, पोस्टर, फोटो आणि हिशोबाच्या वह्या. ज्याला ट्रस्टनं हिस्सा नाकारला, त्याच्याच कागदांवरून आज सगळ्यांचे हिस्से मोजले जातात.